प्रकाशाने रंग कुठे बदलावा?

सोलापूर ते पुणे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. काचेच्या तंतूतून निघालेला प्रकाश ते सव्वा मिलिसेकंदात कापतो. मोकळ्या जागेत सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश काचेत दोन लाखांवर येतो, तरीही बोट मोबाइलच्या पडद्यावरून उचलायच्या आत तो पुण्याला जाऊन परत येतो. ज्या तंतूतून तो जातो त्याचा व्यास असतो १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातही प्रकाश वाहतो तो मधल्या जेमतेम नऊ मायक्रॉनच्या गाभ्यातून. हा तंतू महाराष्ट्रातच तयार होतो. छत्रपती संभाजीनगरच्या स्टरलाइट टेक्नॉलॉजीजच्या कारखान्यांत काचेचा जाड दांडा दोन हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून उंच मनोऱ्यावरून खाली ओढतात आणि त्या दांड्याचा मैलोन् मैल लांब धागा होतो.

या नऊ मायक्रॉनच्या वाटेवरून एकच प्रकाशकिरण जात नाही. ऐंशी-नव्वद वेगवेगळ्या रंगांचे किरण एकाच वेळी, एकमेकांना न बिघडवता जातात. यातला एकही रंग आपल्या डोळ्यांना दिसत नाही, कारण ते सगळे तांबड्याच्या पलीकडचे, अवरक्त पट्ट्यातले आहेत. त्यांची तरंगलांबी १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या दरम्यान असते, कारण याच पट्ट्यात काच सर्वांत पारदर्शक आहे. कुठला रंग नेमका कुठे बसवायचा, हे जगभर एका नियमाने ठरले आहे. १९३.१ टेराहर्ट्‌झ ही वारंवारता म्हणजे मैलाचा दगड. तिथून दोन्ही बाजूंना ५० किंवा १०० गिगाहर्ट्‌झच्या अंतराने घरे आखलेली असतात. एका घरात एक रंग आणि एका रंगावर सेकंदाला शंभर गिगाबिट धरले, तर ९६ रंगांचा एक तंतू सेकंदाला ९६०० गिगाबिट वाहून नेतो.

काच कितीही शुद्ध असली तरी ती प्रकाश थोडा थोडा खातेच. पन्नास किलोमीटरवर दहावा हिस्सा उरतो, शंभर किलोमीटरवर शंभरावा. सोलापूरहून निघालेला किरण वाटेत कुणी सावरला नाही, तर पुण्याला एक लाखावा भाग पोहोचेल. पूर्वी म्हणूनच दर काही अंतरावर प्रकाशाची वीज करायची आणि विजेपासून पुन्हा ताजा प्रकाश तयार करायचा, असा रिवाज होता. १९८७ साली साउदॅम्प्टन विद्यापीठात आणि बेल लॅब्जमध्ये एर्बियम या धातूचे अणू मिसळलेल्या तंतूचा प्रवर्धक तयार झाला आणि हे चित्र पालटले. या खास तंतूच्या काही मीटर तुकड्यातून किरण गेले की सगळे रंग एकदमच तेजस्वी होतात. मध्ये वीज करावी लागत नाही. ऐंशी ते शंभर किलोमीटरवर असा एकेक प्रवर्धक ठेवला की प्रकाश शेकडो किलोमीटर प्रकाशच राहतो.

आणि नेमकी इथूनच एक नवी अडचण जन्माला आली. प्रकाश प्रकाशच राहिला, म्हणजे त्याचा रंगही तोच राहिला. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादला एक प्रकाशवाट हवी आहे, असे समजा. पुणे-सोलापूर तंतूवर फक्त पहिला रंग मोकळा आहे. सोलापूर-हैदराबाद तंतूवर फक्त दुसरा. दोन्ही टप्प्यांवर जागा आहे, तरीही वाट मिळत नाही, कारण एका प्रकाशवाटेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच रंग लागतो. जागा असून जागा नाही. सोलापुरात त्या किरणाचा रंग बदलता आला असता, तर प्रश्नच मिटला असता.

रंग बदलणारे यंत्र म्हणजे वेव्हलेंग्थ कन्व्हर्टर. त्याचा एक प्रकार सरळ आहे. येणारा किरण प्रकाशसंवेदी डायोडवर घ्यायचा, त्याचे विजेचे स्पंद करायचे, ते स्वच्छ करून दुसऱ्या रंगाच्या लेसरला द्यायचे. संदेश तोच, रंग नवा. दुसरा प्रकार मात्र पाहण्यासारखा आहे, कारण त्यात वीज लागते ती फक्त ताकद पुरवायला. संदेश प्रकाशातून थेट प्रकाशात जातो. १९३.० टेराहर्ट्‌झचा संदेशवाहक किरण आणि १९३.१ टेराहर्ट्‌झचा एक जोरदार, कोरा किरण असे दोन्ही एका अर्धवाहक प्रवर्धकात एकत्र सोडतात. आत इतकी तीव्रता होते की पदार्थाची प्रतिक्रिया सरळ प्रमाणात राहत नाही. दोन किरण मिसळून पदार्थालाच डोलवतात आणि त्या डोलण्यातून तिसराच किरण बाहेर पडतो. त्याची वारंवारता काढायला साधे गणित पुरते : १९३.१ची दुप्पट वजा १९३.०, म्हणजे १९३.२. या नव्या किरणावर मूळ संदेश उमटलेला असतो. १५५३.३३ नॅनोमीटरवर निघालेला मजकूर १५५१.७२ नॅनोमीटरवर जाऊन बसतो. फरक दीड नॅनोमीटरच्या आसपास, पण तेवढ्यात किरण दोन घरे ओलांडून मोकळ्या जागी पोहोचलेला असतो.

मग प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक रंगासाठी असे यंत्र का बसवू नये? कारण ते महाग आहे, वीज खाते आणि जागा घेते. एका ठिकाणी चार दिशांचे तंतू येत असतील आणि प्रत्येकावर ९६ रंग असतील, तर तिथे जवळजवळ चारशे कन्व्हर्टर लागतील. म्हणून खरा प्रश्न उभा राहतो : थोडेच कन्व्हर्टर आहेत, ते बसवायचे कुठे?

आपले मन लगेच सांगते, जिथे सर्वांत जास्त गर्दी तिथे. हे उत्तर चुकीचे निघते, आणि बरोबर उत्तर ज्या वाटेने सापडते ती वाट गणितातल्या सुंदर वाटांपैकी एक आहे.

तीन गावांचे एक काल्पनिक वर्तुळ घेऊ. सोलापूरहून पंढरपूर, पंढरपूरहून बार्शी, बार्शीहून पुन्हा सोलापूर. प्रकाश एकाच दिशेने फिरतो. तीन मागण्या आहेत. सोलापूरहून बार्शीला जायचे, म्हणजे पंढरपूरवरून. पंढरपूरहून सोलापूरला, म्हणजे बार्शीवरून. बार्शीहून पंढरपूरला, म्हणजे सोलापूरवरून. कागदावर रेघा मारून पाहा. प्रत्येक टप्प्यावरून दोनच वाटा जातात, म्हणजे दोन रंग पुरायला हवेत. पण पुरत नाहीत. या तीन वाटांपैकी कुठल्याही दोन वाटा कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर एकत्र येतातच. म्हणून तिघींना तीन वेगळे रंग लागतात.

आता फक्त सोलापुरात रंग बदलायची सोय करा. सोलापूर-बार्शी वाटेला पहिला रंग द्या. पंढरपूर-सोलापूर वाटेला दुसरा. उरली बार्शी-पंढरपूर. ती बार्शी ते सोलापूर पहिल्या रंगाने येईल, सोलापुरात रंग बदलेल आणि पुढे पंढरपूरपर्यंत दुसऱ्या रंगाने जाईल. तिन्ही टप्पे तपासा, कुठेही टक्कर नाही. दोन रंगांत काम झाले.

विलक्षण गोष्ट पुढेच आहे. वर्तुळात तीनऐवजी तीनशे गावे असोत, मागण्या हजारो असोत, तरी कन्व्हर्टर एकाच गावात पुरतात. प्रत्येक गावात बसवले तरी त्याहून एकही रंग कमी लागत नाही. कारण समजायला अवघड नाही. ज्या गावात रंग बदलता येतो, तिथून जाणारी वाट आपण कापून दोन स्वतंत्र तुकडे मानू शकतो. एका ठिकाणी कापले की वर्तुळ उलगडते आणि सरळ रेघ होते. सरळ रेघेवर रंग वाटणे सोपे असते. एका टोकापासून निघा. नवी वाट सुरू झाली की जो रंग मोकळा असेल तो तिला द्या, वाट संपली की तिचा रंग मोकळा झाला असे समजा. सर्वांत गजबजलेल्या टप्प्यावर जितक्या वाटा, त्यापेक्षा जास्त रंग कधीही लागत नाहीत. एका जागचे यंत्र साऱ्या वर्तुळाचा पेच सोडवते.

१९९८ साली बेल लॅब्जमधल्या गॉर्डन विल्फाँग आणि पीटर विंकलर यांनी हाच विचार कुठल्याही आकाराच्या जाळ्यापर्यंत नेला. जाण्याचा आणि येण्याचा तंतू वेगळा आहे, असे धरा. जिथे कन्व्हर्टर आहे तिथे नकाशा कापा. मग उरलेले तुकडे पाहा. प्रत्येक तुकडा सरळ रेघ असेल किंवा कोळ्यासारखा असेल, म्हणजे त्यात एकच चौक (तीन किंवा अधिक दिशा फुटतात असे ठिकाण) असेल आणि त्यातून फुटलेले पाय पुढे सरळ गेलेले असतील, तर तेवढे कन्व्हर्टर पुरेसे आहेत. सगळीकडे बसवून जे मिळाले असते, तेच एवढ्यांतही मिळते. पण एखाद्या तुकड्यात वर्तुळ शिल्लक राहिले, किंवा दोन चौक एकमेकांना जोडलेले राहिले, तर ते अपुरे.

या नियमाचा पहिलाच निष्कर्ष मनाला धक्का देतो. जाळ्यात वर्तुळ नसेल आणि एकच चौक असेल, मग तो कितीही मोठा, कितीही गजबजलेला असो, तिथे एकही कन्व्हर्टर लागत नाही. याचे मूळ हंगेरीच्या डेनेश क्योनिगने १९१६ साली सिद्ध केलेल्या एका प्रमेयात आहे. चौकातली प्रत्येक वाट एका तंतूवरून आत येते आणि दुसऱ्या तंतूवरून बाहेर जाते. एका बाजूला आत येणारे तंतू आणि दुसऱ्या बाजूला बाहेर जाणारे, अशी मांडणी केली की सर्वांत व्यस्त तंतूवर जितक्या वाटा, तितक्याच रंगांत सगळ्यांची सोय होते. म्हणजे रंग बदलण्याची गरज गर्दीतून निर्माण होत नाही. ती जाळ्याच्या आकारातून निर्माण होते : वर्तुळातून आणि चौकाला चौक जोडला जाण्यातून.

हा नियम आता सोलापूरच्या नकाशावर लावू. नकाशा रेल्वेचा घेऊ, आणि त्याला कारण आहे. फायबर शेतांतून मनमानी धावत नाही. जिथे आधीपासून सलग, राखलेली पट्टी आहे, तिथूनच ते जाते. २००० साली स्थापन झालेली रेलटेल ही सरकारी कंपनी देशभर रुळांच्या कडेनेच फायबर टाकत आली आहे. प्रत्यक्षातली जाळी रस्त्यांच्या आणि विजेच्या मनोऱ्यांच्या वाटेनेही जातात आणि बरीच गुंतागुंतीची असतात. पण रुळांचा नकाशा आपल्या तोंडपाठ असतो, म्हणून त्यावर हा हिशेब हाताने करता येतो.

सोलापूर हे रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय, जिल्ह्यातले सर्वांत मोठे स्थानक. पण रुळांच्या आकारात ते चौक नाही. गाडी कुर्डुवाडीकडून येते, होटगीकडे जाते. चौक आहेत ते अलीकडे आणि पलीकडे. कुर्डुवाडीला चार दिशा फुटतात : दौंड, लातूर, पंढरपूरमार्गे मिरज आणि सोलापूर. होटगीला तीन : सोलापूर, वाडी आणि विजयपूर. हे पाय तिथेच संपतात असे तूर्त धरा. दोन चौक एकमेकांना जोडलेले आहेत, म्हणजे एक कन्व्हर्टर हवा. तो सोलापुरात बसवला की नकाशा तिथे कापला जातो. एका तुकड्यात कुर्डुवाडीचा कोळी, दुसऱ्यात होटगीचा. काम झाले. मोहोळला बसवला असता तरी चालले असते, कुर्डुवाडीला किंवा होटगीलाही चालले असते.

पण मिरजेचा पाय तिथे संपत नाही. मिरजेहून सातारामार्गे पुणे, पुण्याहून दौंड, दौंडहून पुन्हा कुर्डुवाडी. म्हणजे कुर्डुवाडीतून निघून कुर्डुवाडीत परत येणारे एक भले मोठे वर्तुळ आहे. वाटेतल्या इतर फाट्यांना बाजूला ठेवून एवढेच वर्तुळ नकाशात भरा. आता सोलापूरचा कन्व्हर्टर निरुपयोगी ठरतो, कारण वर्तुळ तसेच राहते. पुण्यात बसवला तर वर्तुळ तुटते, पण कुर्डुवाडी आणि होटगी हे दोन चौक जोडलेलेच राहतात. कुर्डुवाडीला बसवून पाहा. वर्तुळ उलगडून सरळ रेघ झाले. लातूरकडचा पाय रेघ झाला. सोलापूरकडे एकट्या होटगीचा कोळी उरला. दोन्ही पेच एकाच जागी सुटले. या नकाशात एकट्याने पुरणारे गाव दुसरे कुठलेच नाही. ना पुणे, ना सोलापूर. फक्त कुर्डुवाडी.

कुर्डुवाडीला बदल नवा नाही. १८६०मध्ये मुंबईकडची ब्रॉडगेज सोलापूरला पोहोचली. बार्शीचा कापूस मात्र त्या मार्गापासून दूर राहिला. १८९७मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. ती मुख्य मार्गाला जिथे मिळाली ते ‘बार्शी रोड’ स्थानक म्हणजेच कुर्डुवाडी. ही लाइन १९०६मध्ये पंढरपूरला, १९११मध्ये लातूरला आणि १९२७मध्ये मिरजेला पोहोचली. एका बाजूला साडेपाच फुटी रूळ, दुसऱ्या बाजूला अडीच फुटी. डबे पुढे जाऊ शकत नसत. पंढरीला निघालेले वारकरी इथे उतरून छोट्या गाडीत बसत आणि मालाची पोती एका वाघिणीतून दुसरीत चढवावी लागत. जागा असून पुढे जाता येत नाही, ही प्रकाशवाटेची अडचण माणसांनी आणि पोत्यांनी कुर्डुवाडीच्या फलाटावर आधीच भोगली आहे. फरक एवढाच की गेज जिथे बदलायचा तिथे तो बदलणे भागच होते, प्रकाशाच्या बाबतीत ते ठिकाण आपल्याला निवडता येते. आणि निवडताना गणिताने कुर्डुवाडीवरच बोट ठेवावे, यामागे योगायोग नाही. कॅलथ्रॉपची लाइन मुख्य मार्गाला ओलांडून दोन्ही बाजूंना पसरली, म्हणून कुर्डुवाडी चौक झाली. आज ते सगळे रूळ ब्रॉडगेज आहेत, पण त्या लाइनने आखलेला आकार तसाच आहे.

चार-दोन चौकांचा नकाशा हाताने सुटतो. जाळे वाढले की तसे होत नाही. तीस ठिकाणांपैकी सहा निवडायची तर ५ लाख ९३ हजार ७७५ पर्याय होतात. पन्नासांपैकी दहा निवडायची तर हजार कोटींहून अधिक. कमीत कमी किती आणि कुठे, याचे नेमके उत्तर प्रत्येक नकाशासाठी झटपट देणारी पद्धत कुणालाही सापडलेली नाही. हा प्रश्न मुळातच अवघड प्रश्नांच्या एका प्रसिद्ध कुळातला आहे, हेही विल्फाँग आणि विंकलर यांनीच दाखवले. त्यामुळे अभियंते चांगल्या अंदाजाने सुरुवात करतात, एकेक कन्व्हर्टर हलवून बघतात आणि उत्तर सुधारत नेतात.

दुसरी अडचण वेळेची. वर आपण सगळ्या मागण्या आधीच हातात आहेत असे धरले. प्रत्यक्षात त्या येत-जात राहतात आणि चालू वाटेचा रंग मध्येच बदलता येत नाही. मग प्रश्न शक्यतेचा होतो : शंभर मागण्यांतल्या किती नाकाराव्या लागतील? १९९६मध्ये सुरेश सुब्रमण्यम, मुरात अझीझोग्लू आणि अरुण सोमाणी यांनी याचा हिशेब मांडला. सगळीकडे कन्व्हर्टर बसवून जेवढा फायदा होतो, त्यातला बहुतेक फायदा मोजक्या ठिकाणी बसवूनच मिळतो, असे त्यांना दिसले. नंतरच्या कामात त्यांनी मांडणीचाही विचार केला. सरळ मार्गावर सगळीकडे सारखी वर्दळ असेल, तर कन्व्हर्टर समान अंतरावर ठेवणे उत्तम. गरजेपुरते, पण योग्य जागी, हेच तत्त्व पुन्हा पुन्हा हाती लागते.

आजच्या जाळ्यांत हे तत्त्व आणखी एका कारणाने टिकून आहे. प्रवर्धक प्रकाशाबरोबर गोंगाटही वाढवतो. काहीशे किंवा काही हजार किलोमीटरनंतर संदेश विजेत आणून धुऊन-पुसून नव्याने पाठवावाच लागतो. तो नव्याने पाठवतानाच रंग बदलता येतो, त्यासाठी वेगळा खर्च पडत नाही. म्हणून ही महागडी यंत्रे कुठे ठेवायची हे ठरवताना अंतर आणि आकार या दोन्हींचा विचार एकदमच होतो.

आता शेवटची रेघ नकाशात ओढू. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या नव्या रेल्वेमार्गाचे काम सुरू आहे. धाराशिव आधीच कुर्डुवाडी-लातूर मार्गावर आहे. म्हणजे नवा मार्ग जुळला की दुसरे वर्तुळ पूर्ण होईल : कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, तुळजापूर, सोलापूर आणि पुन्हा कुर्डुवाडी. सोलापूर स्वतः पहिल्यांदाच चौक होईल, धाराशिवही होईल. कुर्डुवाडीचा कन्व्हर्टर दोन्ही वर्तुळे उलगडेल, कारण दोन्ही तिथूनच जातात. पण धाराशिव, सोलापूर आणि होटगी हे तीन चौक एका ओळीत जोडलेले राहतील. एक कन्व्हर्टर आता पुरणार नाही. दुसरा कुठे? धाराशिवला ठेवला तर सोलापूर-होटगी जोडलेले राहतात. होटगीला ठेवला तर धाराशिव-सोलापूर. मधल्या सोलापुरात ठेवला तरच तिन्ही सुटे होतात. बाकीच्या सगळ्या जोड्या तपासून पाहा, दोनांत भागवणारी जोडी एकच निघते : कुर्डुवाडी आणि सोलापूर. स्थानक किती मोठे आहे किंवा तिथून किती प्रवासी जातात, याची या हिशेबात कुठेच गरज पडली नाही. तुळजापूरकडे जाणारी एक रेघ वाढली आणि तेवढ्याने सोलापूर निरुपयोगी जागेवरून अपरिहार्य जागेवर आले.